धरमकाट्यावर दोन्ही गाड्या: नेपाळच्या यादवीतले अत्याचार कसे थांबले आणि न्याय कुठे अडला

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या कॉलन्यांमधून रात्री काठी आपटत, शिट्टी वाजवत फिरणाऱ्या आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार पैसे गोळा करणाऱ्या माणसाला आपण सरसकट ‘गुरखा’ म्हणतो. त्यातले बरेच जण गोरखा नसतात. अछाम, बझांग, डोटी अशा पश्चिम नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यांतून पोटासाठी उतरलेली ही माणसं. १९९६ ते २००६ या दहा वर्षांत त्यांच्या गावात रात्री दार वाजलं की बाहेर सैन्य आहे की माओवादी, यावर घरातल्यांचं मरण ठरायचं. दोघांनाही जेवण द्यावं लागायचं, आणि एकाला जेवण दिल्याची शिक्षा दुसरा द्यायचा.

नेपाळ सरकार आणि माओवादी बंडखोर यांच्यातल्या त्या युद्धातले अत्याचार थांबले कसे, हा या प्रकरणाचा विषय आहे. ‘शांतता करार झाला म्हणून थांबले’ हे नेहमीचं उत्तर अर्धवट आहे. थांबण्याची सुरुवात करार होण्याच्या दीड वर्ष आधी झाली, युद्ध चालू असतानाच झाली.

२००२ च्या फेब्रुवारीतले आठ दिवस

१७ फेब्रुवारी २००२ च्या रात्री माओवाद्यांनी अछाम जिल्ह्याचं मुख्यालय असलेल्या मंगलसेनवर हल्ला केला. पोलीस आणि सैनिक मिळून शंभराहून अधिक जण मारले गेले. सैन्य हल्लेखोरांच्या मागावर निघालं. शेजारच्या कालिकोट जिल्ह्यात कोटबाडा इथे विमानतळाचं काम चालू होतं. २४ फेब्रुवारीला सैन्याने तिथले ३५ मजूर गोळ्या घालून मारले आणि सरकारने ते अतिरेकी असल्याचं जाहीर केलं. त्यातले १७ जण एकट्या जोगिमारा गावचे होते. हे गाव काठमांडूजवळच्या धादिंग जिल्ह्यात, कोटबाड्यापासून कित्येक दिवसांच्या वाटेवर. आपल्याकडे नंदुरबारहून गुजरातेत ऊसतोडीला गेलेली टोळी तिथल्या कुठल्या तरी भांडणात ‘सामील’ ठरवून संपवली, तर जे होईल ते जोगिमारात झालं. गावात कमावता पुरुष उरला नाही आणि मेलेल्यांच्या नावापुढे सरकारी शिक्का लागला तो वेगळाच.

या युद्धातल्या बहुतेक अत्याचारांची घडण या आठ दिवसांत दिसते. एका बाजूने घाव घातला की दुसरी बाजू घाव घालणाऱ्याला शोधत जाते, तो सापडत नाही, मग जो सापडतो त्याला मारते. मारल्यावर त्याला शत्रू म्हणून नोंदवते, म्हणजे कागदावर चूक उरत नाही. नोव्हेंबर २००१ पर्यंत ही लढाई पोलिसांच्या हाती होती. १९९८ च्या ‘किलो सेरा टू’ मोहिमेत पोलिसांनीही हेच केलं होतं. २६ नोव्हेंबर २००१ ला आणीबाणी लागली, सैन्य उतरलं आणि आकडा कित्येक पटींनी वाढला.

माओवाद्यांची पद्धत वेगळी होती. ‘सुराकी’ म्हणजे खबरी ठरवून मारणं, जनअदालतीत शिक्षा सुनावून हातपाय तोडणं, घरटी एक माणूस मागणं, अख्खी शाळाच चार-आठ दिवस ‘प्रशिक्षणा’ला उचलून नेणं, शिक्षकाच्या पगारातून चंदा कापणं. जानेवारी २००२ मध्ये लमजुंग जिल्ह्यात एका मुख्याध्यापकाला त्यांनी शाळेतून ओढून नेलं आणि झाडाला बांधून मारलं. सैन्य माणूस गायब करायचं, माओवादी त्याला सगळ्यांसमोर मारायचे. एकाला पुरावा नको होता, दुसऱ्याला प्रेक्षक हवे होते. पुढे तपास करणाऱ्यांना हा फरक फार महत्त्वाचा ठरला, कारण दोन्हीकडचा पुरावा वेगवेगळ्या वाटेने शोधावा लागला.

‘इन्सेक’ या नेपाळी मानवी हक्क संस्थेच्या मोजणीत एकूण १३,३४७ मृत्यू आहेत. त्यातले ८,३७७ सरकारी बाजूकडून, ४,९७० माओवाद्यांकडून. यात लढताना मेलेलेही आले. सरकारने नंतर केलेल्या मोजणीत एकूण आकडा १७ हजारांच्या आसपास गेला. हे आकडे हाती असले की ‘दोन्ही बाजू सारख्याच’ हे गुळमुळीत वाक्य लिहिता येत नाही आणि ‘आमच्या बाजूने काहीच केलं नाही’ हेही म्हणता येत नाही.

रावेर-सावद्याकडे केळीची गाडी भरताना व्यापाऱ्याच्या काट्यावर शेतकऱ्याचा विश्वास नसतो आणि शेतकऱ्याने सांगितलेल्या वजनावर व्यापाऱ्याचा. मग गाडी रस्त्यावरच्या धरमकाट्यावर चढते. आधी रिकामी, नंतर भरलेली. काटा एकच असला म्हणून दोन गाड्यांचं वजन सारखं भरत नाही. भांडण मिटतं ते पावती दोघांनी एकदम पाहिलेली असते म्हणून. नेपाळला २००५ पर्यंत असा काटा नव्हता. सैन्याच्या काट्यावर सगळे मेलेले माओवादी असायचे, माओवाद्यांच्या काट्यावर सगळे मेलेले खबरी.

बंडखोरांना कायदा कसा लावायचा

इथे विद्यार्थी हमखास अडखळतात. मानवी हक्कांचे करार सरकार करतं, बंडखोरांनी तर सही केलेली नसते, मग त्यांना कशाने बांधायचं? १९४९ च्या चारही जिनिव्हा करारांमध्ये कलम ३ सारखंच आहे, आणि ते देशांतर्गत सशस्त्र संघर्षात ‘प्रत्येक पक्षाला’ लागू होतं. लढाईत भाग न घेणाऱ्याला, शस्त्र टाकलेल्याला, जखमीला, पकडलेल्याला मारायचं नाही, छळायचं नाही, ओलीस ठेवायचं नाही, रीतसर न्यायालयाशिवाय शिक्षा करायची नाही. एवढंच, पण कुठल्याही सबबीला जागा न ठेवता. या कलमाचं शेवटचं वाक्य वाटाघाटीत सोन्याच्या मोलाचं आहे: ही कलमं लागू केल्याने कोणत्याही पक्षाच्या कायदेशीर दर्जात फरक पडत नाही. ‘माओवाद्यांशी हक्कांबद्दल बोललो तर त्यांना मान्यता दिल्यासारखं होईल’ ही सरकारांची ठरलेली हरकत या एका वाक्याने निकालात निघते.

काटा बसला कसा

१ फेब्रुवारी २००५ ला राजा ज्ञानेंद्र यांनी सगळी सत्ता हातात घेतली, नेते स्थानबद्ध केले, फोन तोडले. हक्कांच्या दृष्टीने सगळ्यात वाईट दिवस वाटावा असा तो दिवस, पण आंतरराष्ट्रीय देखरेखीचा दरवाजा त्यानेच उघडला. भारत, ब्रिटन आणि अमेरिकेने शस्त्रांची मदत थांबवली. संयुक्त राष्ट्रांकडे नव्याने येणाऱ्या बेपत्ता व्यक्तींच्या तक्रारींत नेपाळ २००३ आणि २००४ मध्ये जगात पहिल्या क्रमांकावर होताच. मार्च-एप्रिलमध्ये जिनिव्हात मानवी हक्क आयोगाचं अधिवेशन भरलं आणि नेपाळविरुद्ध कडक ठराव येणार हे दिसू लागलं. तो टाळण्यासाठी सरकारने १० एप्रिल २००५ ला संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क उच्चायुक्त कार्यालयाशी करार केला.

सैन्याची नस आणखी एका ठिकाणी दाबलेली होती. संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत जाणारा नेपाळी सैनिक तिथे घरच्या पगाराच्या कित्येक पट कमावतो आणि सैन्याचा कल्याणनिधीही त्याच पैशावर पोसला जातो. हजारो सैनिक परदेशी मोहिमांवर होते. ‘बेपत्ता माणसांचा हिशेब द्या, नाहीतर मोहिमा बंद’ ही शक्यताच अधिकाऱ्यांना पुरेशी होती. माओवाद्यांची नस वेगळी. त्यांना जंगलातून राजधानीत यायचं होतं, जगाने आपल्याला राजकीय पक्ष मानावं असं हवं होतं. देखरेखीला त्यांनी हरकत घेतली नाही. नीतीच्या गोष्टी सांगून कोणीच बधलं नव्हतं. दोघांना काहीतरी हवं होतं आणि ते तिसऱ्याच्या हातात होतं, म्हणून काटा बसला.

करारातल्या तीन अटींनी काम केलं: कुठल्याही बराकीला, कोठडीला न कळवता भेट देता येणं, कैद्याशी अधिकारी समोर नसताना बोलता येणं, आणि सरकारबरोबर बंडखोरांच्या कृत्यांवरही अहवाल देता येणं. यातली एक जरी नसती तरी बाकीच्या दोन फुकट गेल्या असत्या. कळवून दिलेल्या भेटीत बराक रिकामी मिळते. पहारेकऱ्यासमोर विचारलेल्या प्रश्नाला कैदी ‘बरं चाललंय’ असंच म्हणतो. आणि एकाच बाजूचा अहवाल दुसरी बाजू दुसऱ्या दिवशी पत्रक म्हणून छापते.

कार्यालयाचे पहिले प्रमुख इयन मार्टिन, पूर्वीचे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलचे महासचिव. काठमांडूशिवाय विराटनगर, नेपाळगंज आणि पोखऱ्यात कार्यालयं उघडली. नेपाळगंज महत्त्वाचं, कारण मध्य-पश्चिमेत सगळ्यात जास्त माणसं गायब झाली होती.

एक नोंद कशी बनते

कामाचा गाभा सगळा इथे आहे.

माणूस उचलला गेला की घरचे आधी बराकीच्या फाटकावर जातात. तिथे ठरलेलं उत्तर मिळतं: असा कोणी आमच्याकडे नाही. मग वकील सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा, म्हणजे पकडलेल्याला न्यायालयापुढे हजर करा असं मागणारा अर्ज करतो. नेपाळीतही शब्द हाच आहे. सैन्य न्यायालयातही तेच लेखी उत्तर देतं आणि अर्ज निकाली निघतो. ज्यांना न्यायालयाने सोडलं त्यातल्या कित्येकांना फाटकाबाहेर येताच पुन्हा उचललं गेलं. ऑक्टोबर २००४ च्या दहशतवादविरोधी अध्यादेशाने एक वर्षापर्यंत स्थानबद्धतेची सोय करूनच ठेवली होती. म्हणून नोंद घेणाऱ्याला न्यायालयाच्या कागदापलीकडे जावं लागतं.

नोंदीत काय लागतं? कोणाला नेलं, कधी, कुठून. नेणाऱ्यांचा गणवेश होता की साधे कपडे, भाषा कोणती, गाडी कोणती, कोणाला हाक कशी मारली. पाहिलं कोणी आणि कोणी नुसतं ऐकलं. शेवटचा जिवंत पाहणारा कोण. कुठे चौकशी केली, कोण काय म्हणाला. साक्ष देणाऱ्याने नाव वापरायला हो म्हटलं आहे का, हा रकाना पहिल्याच पानावर हवा, शेवटच्या नाही. दोन साक्षीदारांना एका खोलीत बसवायचं नाही. एकाची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडात शिरते, आणि दोन साक्षींची एकच साक्ष होऊन बसते. गावात एकाच घरी जायचं नाही. जीप फक्त त्याच दारात उभी राहिली तर रात्री त्याच दारावर थाप पडते.

तारखेची चूक सगळ्यात जास्त घात करते. नेपाळात कारभार विक्रम संवताने चालतो, पण तो आपल्या व्यापाऱ्यांच्या चोपडीतला, दिवाळी पाडव्याला बदलणारा संवत नव्हे. त्यांचं वर्ष सौर आहे आणि एप्रिलच्या मध्यावर, वैशाखात बदलतं. त्यामुळे एप्रिलच्या मध्यापासून डिसेंबरअखेर ५७ वजा करायचे आणि जानेवारीपासून पुढच्या एप्रिलच्या मध्यापर्यंत ५६. ‘फागुन २०६०’ म्हणजे फेब्रुवारी-मार्च २००४. घाईने ५७ वजा करणारा ते २००३ करतो आणि प्रकरण एक वर्षाने चुकतं. बराकीच्या नोंदवहीत त्या वर्षी ती तुकडी भलतीकडेच असते, सैन्याचा वकील तेवढंच दाखवतो आणि खरी साक्ष खोटी ठरते. उपाय साधा: साक्षीदाराने सांगितलेली तारीख जशीच्या तशी लिहायची, रूपांतर वेगळ्या रकान्यात, आणि शेजारी एक खूण: दसैंच्या (नेपाळी दसऱ्याच्या) आधी की नंतर, भात कापणीला होता की लावणीला.

भाषेचाही घोळ असतो. बर्दिया जिल्ह्यात गायब झालेल्यांत बहुसंख्य थारू या आदिवासी समाजाचे होते. थारू कुटुंबांतले अनेक जण जमीनदाराकडे ‘कमैया’ म्हणून राबायचे. आपल्या सालदारासारखंच साल ठरवून, पण कर्जात बांधलेले. ही पद्धत बंद केल्याचं सरकारने जुलै २००० मध्ये जाहीर केलं. जमिनीच्या रागातून बरेच थारू तरुण माओवाद्यांकडे वळले आणि सैन्याच्या लेखी थारू म्हणजे माओवादी असं समीकरण बसलं. त्यांची साक्ष नेपाळीत लिहिताना काका, भाऊ, गाववाला यांची नाती बदलतात आणि दोन माणसांचा एक होतो. धडगावात पावरी बोलीत सांगितलेलं मराठीत लिहून घेणाऱ्याला हे वेगळं समजावायला नको. संयुक्त राष्ट्रांच्या या कार्यालयाच्या डिसेंबर २००८ च्या अहवालात या एका जिल्ह्यातली १७० प्रकरणं तपशिलाने मांडली गेली: १५६ सरकारी बाजूची, १४ माओवाद्यांची. ती १४ नसती तर अहवाल ‘माओवाद्यांचा’ ठरला असता. आणि समतोल दिसावा म्हणून १५६ मधली काही गाळली असती तर तो खोटा झाला असता.

हा खटाटोप कशासाठी, हे खान्देशात समजायला अंबापाणी पुरे. ११ एप्रिल १८५८ ला सातपुड्यात भिल्लांशी झालेल्या त्या लढाईनंतर पकडलेल्यांना जागेवरच्या लष्करी न्यायालयासमोर उभं करून गोळ्या घातल्या गेल्या. आज त्याबद्दल जे वाचायला मिळतं ते जवळपास सगळं इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहिलेलं आहे. दुसऱ्या बाजूचा रकाना कोणी भरलाच नाही.

माडी आणि भैरवनाथ

काटा दोन्हीकडे कसा लागला, हे दोन प्रकरणांत दिसतं.

६ जून २००५ ला चितवन जिल्ह्यातल्या माडी भागात माओवाद्यांनी रस्त्यात पेरलेल्या सुरुंगावरून प्रवासी बस गेली. ३८ जण मेले, बहुतेक साधे गावकरी. बसमध्ये काही सैनिकही होते. कार्यालय उघडून महिनाही झाला नव्हता. माओवाद्यांचे नेते प्रचंड यांना चूक जाहीरपणे कबूल करावी लागली. तपासात दोन्ही बाजूंची दोन वेगळी पापं मांडावी लागली: प्रवाशांनी भरलेली बस उडवणं हा माओवाद्यांचा गुन्हा, आणि सैनिकांनी प्रवासी बसमधून ये-जा करणं म्हणजे लोकांना ढाल करणं, हा सैन्याचा दोष. दुसऱ्याने पहिला माफ होत नाही, पण तो न सांगता सोडला तर पुढच्या बसमध्ये पुन्हा सैनिक चढतात.

भैरवनाथ बटालियनची बराक काठमांडूच्या महाराजगंजमध्ये, भरवस्तीत. २००३ च्या अखेरीस तिथे शेकडो माणसं डोळे बांधून ठेवली गेली. कार्यालयाच्या मे २००६ च्या अहवालात त्यातल्या ४९ जणांचा ठावठिकाणा लागत नसल्याचं नावानिशी मांडलं. सैन्याचं म्हणणं नेहमीचंच होतं. पुरावा आला सुटून आलेल्यांकडून. डोळे बांधलेला माणूस चेहरा सांगू शकत नाही. तो आवाज सांगतो, हजेरीला पुकारलेलं नाव सांगतो, शेजारी कोण खोकत होतं ते सांगतो. अशी एकमेकांशी संबंध नसलेल्यांची सांगणी पुन्हा पुन्हा ताडून पाहिली की त्याच त्या नावांवर येऊन मिळतात, आणि कोणत्या दिवसानंतर ती नावं ऐकूच आली नाहीत तेही जुळतं.

२००५ आणि २००६ या दोन वर्षांत नवी बेपत्ता प्रकरणं झपाट्याने कमी झाली. बराकीत कोणीतरी अचानक येऊ शकतं, ही धास्ती त्याला पुरली. मात्र लढाईतली मरणं चालूच होती. माओवाद्यांची एकतर्फी युद्धबंदी जानेवारी २००६ मध्ये संपली आणि एप्रिलच्या जनआंदोलनाने राजा नमेपर्यंत रक्त सांडत राहिलं. देखरेखीने युद्ध थांबत नाही. युद्धातला सगळ्यात काळा भाग, पकडलेल्याला संपवणं, तेवढा आवरतो. इतकं झालं तरी थोडकं नव्हे.

बंदुका आणि १ जूनचे वाढदिवस

२५ मे २००६ ला २५ कलमी युद्धबंदी आचारसंहिता झाली आणि २१ नोव्हेंबर २००६ ला विस्तृत शांतता करार. माओवादी सैन्य ७ मुख्य आणि २१ उपछावण्यांत बसलं. त्यांची ३,४७५ शस्त्रं नोंदवून कंटेनरमध्ये बंद झाली, आणि नेपाळी सैन्यानेही तेवढीच शस्त्रं तशीच बंद केली. किल्ली माओवादी सेनापतीकडे, पण दार उघडलं तर भोंगा वाजणार आणि संयुक्त राष्ट्रांचा कॅमेरा अहोरात्र चालू. किल्ली काढून घेतली नाही, ही हुशारी. मानही राहिला आणि चोरून उघडणंही अशक्य झालं.

माणसं मोजणं अवघड गेलं. नोंदणी ३२,२५० जणांची. पडताळणीत १९,६०२ पात्र ठरले, ८,६४० मुलाखतीला आलेच नाहीत आणि ४,००८ अपात्र ठरले. त्यात १,०३५ जण युद्धबंदीनंतर भरती केलेले, तर २,९७३ जण युद्धबंदीच्या दिवशी अठराच्या आतले, म्हणजे २५ मे १९८८ नंतर जन्मलेले. डोंगरात जन्मदाखला कोणाकडे? आपल्याकडे शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लावून टाकलेल्या पिढ्या आहेत, तशातला प्रकार. अशा वेळी जन्मसाल विचारून काही हाती लागत नाही. कितवीत शाळा सोडली, पाठचं भावंड केवढं, राजवाड्यात हत्याकांड झालं (१ जून २००१) तेव्हा तू कुठे होतास, असं आडवळणाने वय काढावं लागतं. तेही सेनापती बाहेर उभा नसताना.

ही मुलं छावणीतून बाहेर पडली ती जानेवारी-फेब्रुवारी २०१० मध्ये. अपात्र ठरल्यावर तब्बल दोन वर्षांनी. कारण उघड होतं: संख्या म्हणजे वाटाघाटीतलं वजन. जानेवारी २००८ मध्ये शक्तिखोर छावणीत प्रचंड आपल्याच लोकांना सांगत होते की खरे लढवय्ये सात-आठ हजार होते, आपण आकडा पस्तीस हजारांवर नेला. ते चित्रीकरण २००९ मध्ये बाहेर आलं. दरम्यान जी मुलं सोळाची होती ती छावणीत एकोणीस-वीसची झाली आणि हातात ना शाळा ना पगार. पात्र ठरलेल्यांतले जेमतेम १,४०० जण २०१२ मध्ये सैन्यात गेले. बहुतेकांनी ५ ते ८ लाख नेपाळी रुपये घेऊन घरची वाट धरली.

जिथे दोघांचं एकमत झालं

शांतता करारात कलम ५.२.३ आहे: बेपत्ता केलेल्या आणि मारलेल्या व्यक्तींची नावं ६० दिवसांत जाहीर करायची. ६० दिवस जानेवारी २००७ मध्ये संपले. यादी आली नाही.

का आली नाही, याचं उत्तर दोन खटल्यांत आहे. मैना सुनुवार पंधरा वर्षांची होती. १७ फेब्रुवारी २००४ ला काभ्रे जिल्ह्यातल्या घरातून सैन्याने तिला उचललं. मुळात हवी होती तिची आई, कारण नात्यातल्या एका मुलीची सैन्याने केलेली हत्या तिने पाहिली होती. पाँचखालच्या बराकीत, जिथे सैनिकांना शांतिसेनेचं प्रशिक्षण देतात तिथेच, मैनाला पाण्यात बुडवून आणि विजेचे झटके देऊन मारलं. सैन्याच्याच न्यायालयाने सप्टेंबर २००५ मध्ये हा छळ नोंदवला आणि तिघा अधिकाऱ्यांना चौकशीची व प्रेताच्या विल्हेवाटीची पद्धत न पाळल्याबद्दल सहा महिने दिले. तेही आधीच्या नजरकैदेत मोजून टाकले. आईने पोलिसांत तक्रार दिली, सप्टेंबर २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तपासाचा आदेश दिला. त्याच वर्षी बराकीच्या आवारात अवशेष उकरले गेले आणि त्यांची ओळख पुढे हैदराबादेतल्या डीएनए चाचणीने पटली. एप्रिल २०१७ मध्ये काभ्रे जिल्हा न्यायालयाने तिघांना खुनाबद्दल जन्मठेप सुनावली. तिघेही गैरहजर, आणि त्या निकालाने कोणी तुरुंगात गेलं नाही.

दुसरा खटला माओवाद्यांचा. १९९८ मध्ये ओखलढुंगा जिल्ह्यात झालेल्या खुनात बालकृष्ण ढुंगेल यांची जन्मठेप सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१० मध्ये कायम केली. ते तेव्हा संविधान सभेचे सभासद होते आणि सभागृहात बसत राहिले. अटक झाली ऑक्टोबर २०१७ मध्ये. २०१८ च्या प्रजासत्ताक दिनी राष्ट्रपतींनी त्यांची उरलेली शिक्षा माफ केली.

दहा वर्षं एकमेकांवर गोळ्या झाडणारे इथे एका पंगतीला बसले. सैन्याच्या माणसाला शिक्षा झाली तर उद्या पक्षाच्या माणसाची पाळी, आणि उलट. लढाईत दोन बाजू होत्या तेव्हा एकाचा गुन्हा दुसरा ओरडून सांगायचा. सत्तेत एकत्र आल्यावर ओरडणारं कोणी उरलं नाही. संयुक्त राष्ट्रांचं हक्क कार्यालयही डिसेंबर २०११ मध्ये बंद झालं. जाण्याआधी गोळा केलेल्या सुमारे ३० हजार कागदपत्रांचा संग्रह मात्र मागे राहिला.

कायद्यातल्या भेगाही कामी आल्या. तेव्हाच्या नेपाळी कायद्यात बलात्काराची तक्रार ३५ दिवसांत करायची अट होती. बराक गावाच्या डोक्यावर असताना ३५ दिवसांत कोण जाणार? छळ हा फौजदारी गुन्हा नव्हता, तो २०१८ च्या संहितेने झाला. अंतरिम मदतीच्या यादीत मेलेले आणि बेपत्ता आले, छळ आणि बलात्कार सोसलेले बाहेर राहिले. बेपत्ता माणसाच्या बायकोची तर दोन्हीकडून कोंडी. जमीन नावावर करायची तर नवरा मेला असं लिहून द्यावं लागतं, आणि तसं लिहून दिलं की शोधाची मागणीच संपते.

युद्धातल्या अत्याचारांच्या चौकशीसाठी दोन आयोग नेमणाऱ्या २०१४ च्या कायद्यात माफीची तरतूद होती. २६ फेब्रुवारी २०१५ ला सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, पण ते दोन्ही आयोग त्याच महिन्यात नेमले गेले होते. सत्य निरूपण आयोगाकडे ६३ हजारांवर तक्रारी आल्या, बेपत्ता आयोगाकडे तीन हजारांवर. आयोगांची मुदत वाढत गेली, माणसं बदलत गेली. ऑगस्ट २०२४ मध्ये कायदा दुरुस्त झाला. गंभीर उल्लंघनात आता सरसकट माफी नाही, पण शिक्षेत ७५ टक्क्यांपर्यंत सूट मागता येते. पीडितांच्या संघटनांत यावरून सरळ दोन तट पडले. निदान खटले तरी उभे राहतील म्हणून काहींनी दुरुस्ती स्वीकारली, तर चतुर्थांश शिक्षा म्हणजे शिक्षाच नव्हे म्हणून काहींनी नाकारली. मे २०२५ मध्ये नेमलेल्या नव्या आयुक्तांवरही यातल्या अनेकांनी पहिल्याच दिवसापासून अविश्वास दाखवला. त्यांच्या टेबलावर ज्या फायली आहेत त्यातल्या कित्येकांत साक्षीदार आता हयात नाही, आणि जिथे तारीख सुरुवातीलाच नीट लिहून घेतली होती तेवढ्याच उभ्या राहण्यासारख्या आहेत.